अकरावी गाठ

भंडारा, ४ ऑगस्ट २०२५

चि. भैय्यालाल यास अ. उ. आ.

फोनवर हो-हो करून तू ठेवून देतोस, म्हणून पत्र. परवा मोहाडीला तुझ्या घरी आले, तर खिडकीच्या फुटक्या काचेच्या जागी तुझाच एक्स-रे चिकटवलेला! उन्हात तुझ्या पोटातली दोन्ही टोकांना वळलेली नळी स्पष्ट दिसली. तारीख गेल्या सप्टेंबरची. मुतखडा काढल्यावर डॉक्टरांनी ती लघवीच्या वाटेत दीड महिन्यासाठी ठेवली होती; तू अकरा महिने सांभाळलीस. तुझी बायको गिरजा सांगते, लघवी लाल होते आणि तू उन्हाळी लागली म्हणतोस. भर पावसाळ्यात! अशा नळीवर खडे चढतात, ती अडकते, किडनी जाते. दुखत नसलं तरी जाते. येत्या सोमवारी ये.

लोभ राहू दे, नळी नको.
ज्योत्स्नाताई

मोहाडी, ८ ऑगस्ट

ती. ताईले शि. सा. न.

तू मले पाह्याले आलतीस का खिडकीले? एक्स-रे काढला तं घरात पाणी येऊन राहिलं. गिरजा म्हन्ते, येऊ द्या, किडनी राह्यली पाहिजे. डॉक्टरनं नळी काढाले सांगतलं होतं, पन दुखणं थांबलं अना मी इसरलो. तलावात दहा जाळी आहेत. पोळा झाल्यावर येतो.

रागावजो, पन माया ठेवजो.
भैय्या

भंडारा, १० ऑगस्ट

चि. भैय्यालाल यास आशीर्वाद, तूर्त अर्धेच.

जाळं पाण्यात टाकलं की दारातल्या दोरीला गाठ, काढलं की गाठ सोडायची, ही बाबांची रीत. चाळीस वर्षांत तुझं एक जाळं हरवलं नाही. मग पोटातल्या नळीची गाठ कुठे आहे? गिरजाला फोन केलाय : अकरावी गाठ बांध, आणि ती सुटेपर्यंत याला मासा वाढू नकोस. वरणभात खा.

बाकीचा आशीर्वाद दवाखान्यात मिळेल.
ताई

मोहाडी, २० ऑगस्ट

ती. ताईले शि. सा. न., पूर्ण वाकून.

तीन दिवस वरण खाल्लं, चौथ्या दिवशी तुह्या दारात होतो, हे तू पाह्यलंच. खडे लेझरनं फोडून नळी निघाली, किडनी वाचली. घरी आल्याबरोबर गाठ सोडत होतो तं शेजारच्या बाबुलालनं इचारलं, जाळी दहा अना गाठी अकरा कशा? सांगतलं तं त्याचं तोंडच उतरलं. त्याच्याही पोटात होळीपासून नळी आहे! गिरजानं तीच गाठ त्याच्या नावानं पुन्हा बांधली अना त्याच्या बायकोले सांगून आली, मासे बंद. तो म्हन्ते, पोळा झाल्यावर जातो. मी त्याले रोज रागावतो, अगदी तुह्याच आवाजात. पोरं घाबरून पळतात.

लोभ असाच कडक असू दे.
भैय्या