चौदा नंबरचा फोन आणि तीन हिरव्या खुणा

दि. १४ ऑगस्ट

प्रति,
मा. प्रकल्प संचालक (श्री. टोबायस हॅलोरन),
लहान उपग्रह व फोन जोडणी प्रकल्प,
मुख्य कार्यालय, तारावा.

अर्जदार : काइतारा बारेनाबा, वय २३, बेट-स्वयंसेवक, तेकाउरे बेट, किरिबास.

विषय : हिरव्या खुणेचा खरा अर्थ आपण स्वतः आमच्या मनेआबात येऊन माझ्या मामाला सांगण्याबाबत.

संदर्भ : १) आपला अहवाल, परिच्छेद चार, खाली आपली सही. २) माझ्या अकरा तक्रारी, ज्या आपल्या यंत्रणेने एकच धरल्या. ३) मनेआबातली ती बैठक, ज्यात आपण माझ्या आईच्या चटईवर बसला होतात.

महोदय,

१. अर्ज ठरलेल्या नमुन्यात नसेल तर बघितला जाणार नाही असं आपल्या कार्यालयाने कळवलं, म्हणून हा नमुना. मी कधी असा अर्ज लिहिला नाही. शाळा आठवीत सुटली, पुढचं सगळं जुनी यंत्रं उघडून शिकलो, हे आपल्याला माहीतच आहे. चुकलं तर समजून घ्या. अर्ज बोटीने पाठवतोय, कारण माझा फोन सध्या 'संशयित' आहे. ते पुढे येईलच.

२. हा कागद आपल्या टेबलावर यायच्या आधी कुणीतरी कारकून वाचणार, त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोळा लहान उपग्रह आहेत, बिस्किटाच्या डब्याएवढे. एकेक करून आमच्या डोक्यावरून जातात, दहा मिनिटं दिसतात, गेले. खाली आमचे एकतीस फोन. टॉवर नाही. फोन आपापसांत बोलून एकाला पुढारी करतात, ज्याची बॅटरी भरलेली आणि ज्याच्यावर आभाळ मोकळं. तो सगळ्यांचे निरोप गोळा करून वर देतो. कुणी एकटाच समुद्रात असला तर त्याचा फोन थेट वर बोलतो. वर उपग्रहसुद्धा आपापसांत ठरवतात, कुठला निरोप आधी खाली सोडायचा आणि कुठला अडवून ठेवायचा. याला आपण 'शहाणी वाटणी' म्हणायचात. मनेआबात, म्हणजे आमच्या गावाच्या सभेच्या छपराखाली, हे शब्द आपल्या तोंडून निघाले आणि सगळ्यांना समजतील असे मीच फिरवून सांगितले. म्हातारे खूश झाले. वाटून खाणारं यंत्र आहे म्हणाले, मग आपलंच आहे.

३. त्याच बैठकीत तेकीमाउ आजोबांनी (हे आमच्यातले सगळ्यात वडील) विचारलं होतं, "वर गेलेलं खाली आलं, हे समुद्रातल्या माणसाला कळणार कसं?" आपण फोन उंच धरला आणि म्हणालात, "हिरवी खूण दिसली की समजा, काइताराने वाचलं." हेही मीच मोठ्याने सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण मागे बायका हसत होत्या. मामा पहिल्या रांगेत होता. ते वाक्य माझ्या आवाजात त्याच्या कानात बसलंय. तुमच्या आवाजात नाही.

४. आता बुबुसी. आमच्याकडे नात्यातल्या माणसाने येऊन "मला हे दे" म्हटलं की द्यावं लागतं. नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्याची लाज त्याच्या नातवंडांना पुरते. आपण आलात त्या महिन्यात आपली विजेरी गेली, चपला गेल्या, निळा शर्ट गेला. शर्ट अजून नेई मावशीचा नवरा घालतो, रविवारी प्रार्थनेला. पहिल्यांदा आपण चिडलात. मग शिकलात. आई माझ्या बहिणीच्या लग्नासाठी चटई विणत होती, तिच्यासमोर बसून आपण आमच्या भाषेत, वाईट उच्चारात, चटई मागितलीत. आईने विणता विणता मान वर केली. मग म्हणाली, "पोरगा आपला झाला की रे!" आणि दिली. बहीण आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, तुमच्याशी बोलत होती.

म्हणजे आपल्याला माहीत होतं. 'माहीत नव्हतं' असं अहवालात कुणी लिहू नये म्हणून हे लिहिलं.

५. फोनचंही तेच झालं. चौदा नंबरचा फोन शाळेतल्या बाईंचा. त्यांच्याकडून त्यांच्या नणंदेने मागितला, नणंदेकडून तिच्या दिराने, दिराकडून प्रार्थना घेणाऱ्या ब्रदरने, आणि ब्रदरकडून तेबाउ मामाने. एका महिन्यात पाच हात. आमच्यासाठी हा चांगला फोन, सगळ्यांच्या उपयोगी पडलेला. तुमच्या यंत्रणेला मात्र वाटतं की एक फोन म्हणजे एक माणूस. टाइप करायची पद्धत बदलली, चालायची चाल बदलली की चोरी झाली. भरवसा कमी करायचा, निरोप मागे टाकायचा.

हे मी तेव्हाच पाहिलं होतं. आपण आमच्या ओसरीवर उकडलेला फणस खात होतात, तेव्हा सांगितलं. "ब्रो," म्हटलं, "इथे फोन फिरणारच. यंत्राला तसं सांगून ठेव." आपण हसलात. "हे तर भारीच आहे! मी आत घालतो, काळजी करू नकोस." आणि माझ्या पाठीत थाप मारलीत. मी पुन्हा विचारलं नाही. भावाला दोनदा विचारत नाहीत.

(इथे दिव्याची बॅटरी संपली. पुढचं सोमवारी लिहिलं.)

६. ३ मार्चला मामा एकटा टुना धरायला बाहेर गेला. दुपारी इंजिन बंद पडलं. त्याने मला निरोप पाठवला. हिरवी खूण आली. चार तारखेला दुसरा. हिरवी खूण. पाच तारखेला तिसरा. हिरवी खूण.

माझ्या फोनवर काहीच नाही.

आणि आता जे लिहितोय ते मी अकरा तक्रारींत लिहिलं नव्हतं. तीन तारखेला मामा परतला नाही, तेव्हा मामी माझ्याकडे आली. मी सगळ्या फोनांच्या जागा दाखवणारा नकाशा उघडला. चौदा नंबरचा ठिपका प्रवाळाच्या टोकापाशी, बेटापासून हाकेच्या अंतरावर. संशयित फोनची जागा यंत्रणा बदलत नाही, शेवटची भरवशाची जागाच दाखवत राहते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी मामीला म्हटलं, "तिथे खेकडे धरत बसला असेल, येईल उद्या." होड्या निघत होत्या, मी थांबवल्या. दुसऱ्या दिवशीही ठिपका तिथेच. माणूस दोन दिवस एका जागी कसा बसेल, हे कळायला आठवीसुद्धा लागत नाही. मला नाही कळलं. पाच तारखेला होड्या निघाल्या आणि उत्तरेला गेल्या. प्रवाह त्याला पश्चिमेला नेत होता. त्याच्या प्रत्येक निरोपात जागेचे आकडे होते.

७. नऊ दिवसांनी एका परदेशी मासेमारी जहाजाला तो सापडला. जिवंत. कासवाचं रक्त पिऊन राहिला होता. वीस तारखेला घरी आला. गाव रडलं, नाचलं. मी मिठी मारायला गेलो तर त्याने हात वर केला, पंगतीत आता नको म्हणून करतात तसा.

बावीस तारखेला मी नारळ खवत होतो आणि फोन तीनदा वाजला. तिन्ही निरोप एकदम. जसे आले तसे देतोय :

"इंजिन गेलं. बेट अजून दिसतंय. होडी पाठव."

"बेट दिसत नाही. काइतारा, तेकीमाउला सांग, पश्चिमेला."

"परत हिरवं आलं. म्हणजे तू वाचलंस. मग मी वल्ही मारत नाही, वाट बघतो."

महोदय, तिसरा परत वाचा. त्याच्याकडे वल्हं होतं. माझ्या भरवशावर त्याने ते खाली ठेवलं.

८. मी तसाच पळत गेलो, हाताला खोबरं लागलेलं. मामाला फोन दाखवला. म्हटलं, "बघ, आज आले, आत्ता!" त्याने आपला फोन काढला, तीन हिरव्या खुणा दाखवल्या. "तुझा फोन म्हणतो आज आले. माझा म्हणतो त्याच दिवशी पोचले. फोन दोन आहेत, भाचा एक. होड्या कुणी थांबवल्या ते मला मामीने सांगितलंय."

मी म्हटलं, "मामा, ती खूण वाचल्याची नाही. उपग्रहाने घेतल्याची आहे. मला आता कळलं."

तो म्हणाला, "मनेआबात उभं राहून दोनदा सांगितलंस तेव्हा कळलं नव्हतं?"

मामा रोज दोनदा माडावर चढतो, करेवे, म्हणजे माडाचा गोड रस, काढायला. वर बसून गातो, सगळेच गातात, पण त्याचा आवाज तीन वाड्यांत जातो. मी खालून गेलो की गाणं थांबतं. पुढे गेलो की परत सुरू होतं. पाच महिने झाले. मी वाट बदलून बघितली, तर लोक म्हणायला लागले, मामाला टाळतोय.

९. मग आपला अहवाल आला. परिच्छेद चार : 'स्थानिक स्वयंसेवकाने एक फोन एक व्यक्ती हा नियम पाळून घेतला नाही, त्यामुळे निरोपांना उशीर झाला.' खाली सही. मला ती सही ओळखता येते, माझ्या बहिणीच्या वहीत तशा वीस आहेत, आपणच शिकवलेली. असा नियम आपण मला कधी सांगितला? फणस खाताना? तुम्ही मला नालायक म्हणाला असतात तर चाललं असतं. तुम्ही माझं नावसुद्धा लिहिलं नाहीत. 'स्थानिक स्वयंसेवक.'

१०. मी तक्रार केली. उत्तर यंत्रानेच दिलं : प्रेषक संशयित, कारण माझा फोनसुद्धा दोनदा बुबुसीत जाऊन आलाय. अकरा वेळा लिहिलं, यंत्र म्हणालं एकच मजकूर आहे, महत्त्व कमी. मग गावाने मदत केली. ब्रदरने आपल्या शब्दांत लिहिलं, नर्सने आपल्या, बाईंनी व्याकरण नीट करून लिहिलं. त्यावर सगळं बेटच संशयित झालं : 'संगनमताने पाठवलेला मजकूर'. एप्रिलपासून आमच्या एकतीस फोनांपैकी एकही पुढारी होऊ शकत नाही. सोळा उपग्रह डोक्यावरून जातात आणि आमच्याशी बोलत नाहीत. या बाबतीत त्यांचं आणि मामाचं एकमत आहे.

मे महिन्यात आपल्याकडून मदत म्हणून एक पोस्टर आलं : 'आपला फोन कोणालाही देऊ नका'. मनेआबाच्या खांबाला लावलं. तेकीमाउ आजोबांनी नातीकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "मग मागायला आलेल्याला काय द्यायचं? पाठ?" नेई मावशी उठली, पोस्टरकडे बोट दाखवून मला म्हणाली, "हे मला दे." द्यावंच लागलं. आता ते तिच्या पिठाच्या डब्यावर आहे. पीठ मात्र ती सगळ्यांना देते.

११. तरी माझी विनंती अशी की, आपण पुढच्या बोटीने यावं. फोन बदलून नकोत. भरवशाचे आकडे वाढवून नकोत. परिच्छेद चार खोडला नाहीत तरी चालेल, तो इथे कुणी वाचत नाही. फक्त मनेआबात आमच्या घराण्याच्या जागेवर, तेव्हा बसला होतात तिथेच बसून, मामाच्या तोंडाकडे बघून एवढं सांगावं : "खूण उपग्रहाची होती, काइताराची नाही. वाक्य मी चुकीचं सांगितलं होतं, त्याने फक्त फिरवून सांगितलं. निरोप सतरा ते एकोणीस दिवस अकरा नंबरच्या उपग्रहात पडून होते." होड्या थांबवल्या ते माझं मी सांगतो. त्यात तुझा वाटा नको.

मी दुसऱ्या कुणाचं पत्र नेऊन दाखवलं तर मामा म्हणेल, हे वाक्यही तूच फिरवलंस.

१२. आपलं कार्यालय हा अर्ज नाकारू शकतं, हे मला माहीत आहे. मागचे नाकारलेच. म्हणून शेवटचा परिच्छेद नमुन्यात नाही.

तोबी, तू आमच्या चटईवर झोपलास. आई तुला पोरगा म्हणाली आणि तू हो म्हणालास. चटई मागताना तुला नियम ठाऊक होता. आता मी मागतोय. हा अर्ज नाही, बुबुसी आहे. तू ये.

आपला नम्र म्हणायचं होतं, पण नमुन्यापुरतं.
तुझा भाऊ,
काइतारा बारेनाबा
(सही)

सोबत :
१. तीन निरोपांची छापील प्रत, पाठवल्याच्या आणि आल्याच्या वेळेसकट.
२. चौदा नंबरचा फोन कुणाकुणाच्या हातात होता त्याची यादी. पाचातल्या चौघांच्या सह्या आहेत. मामाची जागा मोकळी ठेवलीय.
३. चटई जोडलेली नाही. विमानात मावत नाही, पुढच्या वेळी नेतो, म्हणून ठेवून गेलास ती आढ्याला गुंडाळून आहे. आत्तापर्यंत तिघांनी मागितली. आई त्यांना म्हणते, माझी नाही, मालक आला की त्याला विचारा.