बारा तारखेचं ऑपरेशन

नागपूर
ता. ४ ऑगस्ट १९८७, मंगळवार

प्रिय मित्र चंपतराव यास धोंडबाचा मनापासून जयभीम. रुखमावहिनींनाही सांगावा. तुझी गाठ कशी आहे? पट्टा बांधतोस, की खुंटीला टांगून ठेवतोस? माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे आणि घाबरलो आहे ते त्यामुळेच, कारण पुढच्या बुधवारी, बारा तारखेला, मला कापणार आहेत.

त्या दिवशी तू दवाखान्यातून कळमेश्वरच्या बसला गेलास, तेव्हाच मीही घरी जायला हवं होतं. पण तुझी हर्नियाची लिंबाएवढी गाठ डॉक्टरने बसल्या जागेवरून पाहिली आणि कंपनीची चिठ्ठी नाही म्हटल्यावर "पट्टा बांधा, वजन उचलू नका" म्हणून दोन मिनिटांत वाटेला लावलं, हे माझ्या मनाला फार लागलं. म्हणून मी परत आत गेलो. माझ्या खिशात अनंताच्या कंपनीची चिठ्ठी होती (पोराच्या कंपनीने आईबापांच्याही औषधपाण्याचा विमा उतरवला आहे, बिल परस्पर तिकडे जातं). ती माझ्या मित्राला चालेल का, एवढंच विचारायचं होतं. डॉक्टर चिठ्ठी वाचून उभाच राहिला. "काका, आधी काहून नाही सांगितलं? झोपा इथं." मी म्हटलं, दुखणं मित्राचं आहे. तो म्हणाला, "खोका." आता सत्तरीच्या माणसाने जोर लावून खोकलं तर काही ना काही हलणारच. हललं.

मग रक्त, लघवी, छातीचा फोटो, कार्डिओग्राम. चौपन्न साली पायावर सुताची पेटी पडली होती, हे मी सहज बोलून गेलो (मला गप्प बसता येत नाही, तुला ठाऊकच आहे), तर अंगठ्याचाही फोटो काढला. शेवटी कागदावर लिहिलं की मला हर्निया होऊ घातला आहे. अनंत म्हणतो, "बाबा, कंपनी देऊन राहिली, तुम्हाले काय होते?" सून प्रेमिलाने गल्लीभर सांगितलं, लग्नाची तारीख निघाल्यासारखं.

मला मात्र सारखे गिरणीच्या दवाखान्यातले महादेवराव कंपाउंडर आठवतात. बाटली आपण घरून धुऊन न्यायची, ते लाल औषध भरून तिला डोस मोजायला कात्रीने कापलेली कागदाची पट्टी चिकटवायचे. कबड्डीच्या सामन्यासाठी सुट्टी हवी म्हणून तू पोट धरून कण्हत गेलास, तर "जा बे चंपत, मशीन वाट पाहून राहिली," म्हणून हाकललं होतं. आणि तुला खरा टायफॉईड झाला तेव्हा गेटातून येतानाची तुझी चालच पाहून त्यांनी तुला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी नेलं, अकरा दिवस रोज येत राहिले. तेव्हा आपण आजारी आहोत हे पटवता पटवता घाम फुटायचा. आता मी बरा आहे हे कोणी ऐकूनच घेत नाही. ते महादेवराव असते तर माझ्याकडे एकदा पाहून मला घरी पाठवलं असतं आणि तुला ठेवून घेतलं असतं.

असो. पट्टा बांध.

तुझा जुना सोबती,
धोंडबा

ता. क. आता खरं काम. चिठ्ठीवर फोटो नाही, नुसतं नाव आणि वय आहे, आणि डॉक्टरने आपल्या दोघांच्याही तोंडाकडे एकदाही पाहिलेलं नाही. तू अकरा तारखेला मुक्कामालाच ये. बुधवारी "धोंडबा" अशी हाक आली की "हो जी" म्हणायचं आणि स्ट्रेचरच्या गाडीवर झोपायचं. मी तुझा भाऊ म्हणून बाहेर बसतो. अनंताची त्या दिवशी खापरखेड्याला ड्यूटी आहे. प्रेमिलाला मी समजावतो.

आणखी ता. क. कागदावर रक्ताचा गट माझा आहे, म्हणून रक्त चढवणार का, हे मी नर्सबाईंना तीनदा विचारलं, नाही म्हणाल्या. काळजी एकच वाटते. उद्या मला खरंच हर्निया झाला, तर कागद म्हणेल की याचा काढून झाला आहे. तरी तू ये.