धतुऱ्यावरचा टोमॅटो

९ नोव्हेंबर, देवास

आज धतुऱ्याचं मुंडकं उडवलं! अंगणात उन्हाची जागा एकच, तीही त्यानं बळकावलेली. उपटू म्हटलं तर माझी थोरली बहीण, अक्का, आडवी — "जगू, महादेवाचं झाड आहे, उपटायचं नाही." बरं, नाही उपटत! खोडाला तिरका काप दिला, त्यावर टोमॅटोचा शेंडा बसवला, पट्टी गुंडाळली, वरून प्लॅस्टिकची पिशवी. तिचं मूळ राहिलं, माझे टोमॅटो होतील. उगाच नाही जन्मभर कारखान्यात डोकं चालवलं.

२३ नोव्हेंबर

कलमाला नवं पान! शेजारचा अंशुल कुंपणावरून — "काकाजी, धतूरा तो जहर है, फल खाना मत." म्हटलं, भिया, जहर मुळात, वर शुद्ध टोमॅटो! मोठा शहाणा आलाय.

२९ जानेवारी

पहिली फळं. लालबुंद! बायकोला, इंदूला, मुतखड्यापायी टोमॅटो बंद, मला पित्ताचा त्रास. म्हणजे सगळी अक्कालाच. मिटक्या मारत खाल्ली.

६ फेब्रुवारी

अक्काचं काहीतरी बिनसलंय. सारखी तोंडाला कोरड. हवेतून दोरे वेचत बसते. आमच्या मेलेल्या थोरल्या वहिनीशी बोलत होती. डॉक्टर म्हणाले, "उमर हो गई है, और क्या." डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या का, ते नाही सांगितलं.

१० फेब्रुवारी

आज तिनं मला ओळखलं नाही. टोमॅटोची कोशिंबीर मात्र संपवली. अंशुलचं बोलणं डोक्यातून जात नाही. छे! माझं कलम आहे ते. डॉक्टरांकडे धतुऱ्याचा विषय काढला नाही.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

एकादशीपासून अक्का उपासाला, नुसतं दूध आणि शिंगाडा. आज सकाळी अगदी स्वच्छ आवाजात — "जगू, मला काय झालं होतं रे?"

टोमॅटो थांबले आणि ती ताळ्यावर! म्हणजे मीच तिला विष चारत होतो! स्वतःच्या हातानं! आत्ताच उपटलं असतं, पण आजच्या दिवशी महादेवाचं झाड उपटलेलं तिला सोसायचं नाही. उद्या उजाडताच काढतो. इंदूला अजून काही बोललो नाही. ती दिवसभर देवळात, उद्याच्या भंडाऱ्याच्या तयारीला.

१६ फेब्रुवारी

रात्रभर जागा, पहाटे डोळा लागला तो अकराला उघडला. झाडावर एकही फळ नव्हतं. देवळात फोन लावला. इंदू म्हणाली, "अहो, घरात खाणारं कोण आहे? टोपलीभर होते, भंडाऱ्याला दिले. चटणी वाटली त्यांची."

पळत गेलो. पहिली पंगत पोरांची. उठली होती.