मराठी कुणाला कळतंय

जानकीपुरम, लखनौ
१५ जानेवारी २०१८

तीर्थस्वरूप वसुधाताईस,

लखनौहून सुबोधचा साष्टांग नमस्कार. (थंडीने कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात चारच अंगं जमिनीला लागली. बाकीची तू मनानेच लावून घे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस की अजून भावजींना हाका मारतेस? काल संक्रांत झाली. गोड बोलायच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी मला माझ्या बोलण्याबद्दलच लिहावं लागतंय, हा योग काही चांगला नाही. फोन सोडून कागदावर का, असं तुला वाटेल. फोनवर बोललो तर हेमा शेजारी उभी राहून दुरुस्त्या सुचवते, आणि व्हॉट्सॲपवर लिहायला बसलो तर ते जाणार कुणाला, हेच तीनदा तपासत बसतो. पोस्टाचं पाकीट बरं. ते चुकलं तरी एकाच चुकीच्या घरात जातं, बावन्न घरांत जात नाही. बावन्न हा आकडा लक्षात ठेव, पुढे येणार आहे.

आम्हाला इथे तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मराठी हा आमचा पडदा होऊन बसला आहे, हे तू इथे असताना पाहिलंसच. भाजीवाल्या भैयासमोर उभं राहून आम्ही खुशाल म्हणायचं की हा लबाड आहे, पलीकडच्या गाडीवर चल, आणि तो बिचारा हसून कोथिंबीर जास्त घालणार. लग्नाच्या पंगतीत यजमान समोर उभे असताना हेमाने मला शांतपणे सांगावं की पनीर आंबलंय, दही वाढून घ्या, आणि यजमानांना वाटावं, बाई तारीफ करताहेत. दाराला कडी न लावता आत बसल्यासारखं आम्ही चारचौघांत बसायचो. (प्रणिता लहानपणी विचारायची, बाबा, आप लोग सबके सामने चुगली कैसे कर लेते हो? मी तिला म्हणायचो, ही चुगली नाही, हे निरीक्षण आहे. मी शास्त्रज्ञ आहे.)

आता कॅमेऱ्याचं सांगतो. आमच्या कॉलनीत गुलदाउदीचं मोठं वेड, म्हणजे आपल्या शेवंतीचं. डिसेंबरात प्रदर्शन असतं आणि दोन महिने आधीपासून लोक कुंड्यांना लेकरांसारखं सांभाळतात. गेल्या ऑक्टोबरात कुणीतरी रोज पहाटे कळ्या खुडून न्यायला लागलं. सगळे सगळ्यांवर संशय घेऊ लागले. तेव्हा सेक्रेटरी जगदीश मिश्रांनी सभा बोलावली आणि मी तिथे उठून, कुणी विचारलेलं नसताना, फाटकावर कॅमेरा बसवा असं सुचवलं. तेवढ्यावर थांबावं ना माणसाने? मी भाषण केलं. म्हणालो, ज्याच्या मनात काही नाही त्याला कॅमेऱ्याची कसली भीती? आमच्या प्रयोगशाळेत आम्ही उंदरांवर चोवीस तास नजर ठेवायचो, एकाही उंदराने कधी तक्रार केली नाही. टाळ्या पडल्या.

एकट्या विभाजी उभ्या राहिल्या. आपल्या समोरच्या विभा श्रीवास्तव. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू चार महिने इथे होतीस, तेव्हा मी प्रयोगशाळेत आणि हेमा हज़रतगंजच्या तिच्या बँकेत असायची, आणि दुपारी तुझ्याजवळ येऊन बसायच्या त्या. त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण आणलं होतं. सुप्रीम कोर्टाने त्याच ऑगस्टमध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता, त्याचं. म्हणाल्या, भाईसाहब, छिपाने को कुछ नहीं है, पर सबको बताने को भी तो कुछ नहीं है. मी हसलो. नुसता हसलो नाही, मिश्रांकडे बघून डोळे मिचकावले. दुकानदाराने आवाजवाला घेणार की बिनआवाजाचा, असं विचारलं तेव्हा आवाजवाला घ्या म्हणणाराही मीच. वर कॉलनीच्या ग्रुपचा ॲडमिन झालो आणि पहिला नियम काढला, की इथे फक्त कामाचं बोला, भाषणस्वातंत्र्य आपापल्या घरी वापरा.

माइक नेमका त्या बाकाच्या डोक्यावर बसला, जिथे मी आणि हेमा रोज संध्याकाळी दूधवाल्याची वाट बघत बसतो.

चोर सापडायला दोन महिने लागले. तो निघाला बख्शी का तालाबच्या बाजूने हिंडत येणारा एक मोकाट सांड. पहाटे यायचा तो त्या दिवशी, एकवीस डिसेंबरला, भर संध्याकाळी आला, आणि मिश्रांच्या बक्षीसपात्र कुंडीत तोंड घालून उभा राहिला. मिश्रांनी दुसऱ्या दिवशी ती दीड मिनिटाची चित्रफीत आनंदाने ग्रुपवर टाकली. बावन्न घरांत पोचली. चित्रात सांड होता. आवाज आमचा होता.

ताई, दीड मिनिटात माणूस किती बोलतो हे मला माहीत नव्हतं. गुरुवार होता. विभाजी गुरुवारी आमच्याकडे जेवतात, हा नेम तू गेल्यापासूनचा आहे. तर त्या आवाजात असं आहे, की आज गुरुवार, एक पोळी जास्त टाकायला हवी, आत्ता येतीलच विभाजी हातात ती रिकामी वाटी घेऊन, एकटीसाठी कोण चूल पेटवतंय, आपल्याकडे भंडारा उघडलेलाच आहे. हे हेमा म्हणाली. म्हणजे अशा अर्थाचं काहीतरी तिच्या तोंडून निघून गेलं. बायकांचं तुला माहीतच आहे.

मराठी कुणाला कळलं नाही, पण 'गुरुवार', 'विभाजी' आणि 'भंडारा' हे तीन शब्द बावन्न घरांना कळले. पहिला प्रश्न आला, भाईसाहब, भंडारा किस गुरुवार को है? दुसऱ्याने विचारलं, पूड़ी-सब्जी रहेगी कि कढ़ी-चावल? चौकीदाराने विचारलं की तंबू फाटकाच्या आत लावायचा की बाहेर. मिश्रांनी थेट लिहिलं, सुबोधजी, ज़रा अनुवाद तो कीजिए. मी फोन हातात घेऊन बसलो. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. आवाज खराब आहे लिहावं तर आवाज स्वच्छ. (चांगल्यातला माइक घ्या, असं मीच बजावलं होतं.) आयुष्यात पहिल्यांदा मला त्या उंदरांची आठवण आली. तक्रार करत नव्हते म्हणजे त्यांना चालत होतं, हे आम्ही कशावरून ठरवलं कोण जाणे.

आणि तेवढ्यात विभाजींचाच मेसेज आला. जसाच्या तसा उतरवतो, पाठ झालाय. 'भाईसाहब कह रहे हैं कि गुरुवार को विभाजी आती हैं तो घर में भंडारे जैसी रौनक हो जाती है. मेरी छोटी-सी कटोरी तक का ज़िक्र किया, उनका बड़प्पन है.' खाली हात जोडलेले. मग बावन्न घरांतून फुलं, नमस्कार, वाह वाह. मिश्रांनी लिहिलं, ऐसे पड़ोसी सबको मिलें.

मीही आधी सुटलो म्हणून चहा मागितला. कप तोंडाला लावला आणि मग लक्षात आलं. कटोरी. विभाजी आणि भंडारा कुणीही पकडेल, पण 'वाटी' म्हणजे कटोरी हे लखनौच्या बाईला कुठून कळलं? वाटी कळली तर रिकामी कळली. चूल कळली. एकटी कळली. म्हणजे सगळंच कळलं, आणि कळून त्यांनी बावन्न घरांसमोर माझी अब्रू झाकली. आणि आजवर त्यांच्यादेखत आम्ही जेवणाच्या टेबलावर काय काय बोललो असू, ते आठवत बसलो आणि चहा निवून गेला. एकदा त्या वाढून घेत असताना मी हेमाला म्हणालो होतो, भात झाकून ठेव, नाहीतर सकाळी फोडणीला उरायचा नाही. त्यांनी तेव्हा पुढचा भात घेतला नव्हता. मला वाटलं, पोट भरलं.

त्यानंतर तीन गुरुवार गेले, त्या आल्या नाहीत. भेटल्या तर छान बोलतात, सर्दीवर काढा सांगतात, फक्त गुरुवारी तबियत ज़रा ढीली असते. माफी मागायला जावं तर माफी कशाची? त्यांच्या अनुवादाप्रमाणे तर मी त्यांची स्तुती केली आहे. माफी मागायची म्हणजे त्यांनी माझ्यावर घातलेलं पांघरूण आधी मीच ओढून काढायचं. ताई, मला लाज वाटते. बासष्टाव्या वर्षी शाळेतल्या मुलासारखी, कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत लाज वाटते. समोरच्या घरी दिवा लागला की मी आमचा पडदा ओढून घेतो.

असो. तब्येतीला जप. भावजींना माझा नमस्कार, आणि त्यांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखवू नकोस, तुमच्या शेजाऱ्यांना तर मराठी येतं.

तुझा धाकटा भाऊ,
सुबोध

ता. क. हेमाने पत्र वाचलं. (पाकीट चिकटवलेलं नव्हतं. या घरात खासगीपणाचा निकाल अजून लागू झालेला नाही.) ती म्हणते, दुरुस्ती केल्याशिवाय पाठवाल तर बघा. तर दुरुस्ती अशी. ते सगळं हेमा म्हणाली नाही, मी म्हणालो. पोळी, वाटी, चूल, भंडारा, सगळं माझं. त्या दीड मिनिटात हेमाचं एकच वाक्य आहे, 'हळू बोला, माइक आहे.' आणि त्यावर माझं, 'असू दे गं, मराठी कुणाला कळतंय.' शिवाय ती वाटी कधीही रिकामी आली नाही. कधी मुरब्बा, कधी बड्या, म्हणजे आपले सांडगे. त्या गुरुवारीसुद्धा, आम्ही बाकावरून उठून घरात आलो आणि अर्ध्या तासाने त्या निमोना घेऊन आल्या, मटारचा, वर तूप. मी दोनदा वाढून घेतला.

ता. क. २. खरं पत्र यासाठी लिहिलं. तू चार महिने इथे होतीस. तुला हिंदीचं एक वाक्य येत नाही, आणि विभाजी रोज दुपारी तीन-तीन तास तुझ्याजवळ बसायच्या. तुम्ही कोणत्या भाषेत बोलत होतात, हे मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. आता विचारायची गरज नाही. त्या निमोन्याची वाटी आमच्याकडेच राहिली आहे, आणि ती रिकामी परत द्यायची नाही. त्यांना तुझ्या हातचं काय आवडायचं ते कळव, आणि कसं करायचं तेही सविस्तर लिही. हेमा करणार नाही म्हणते. मी करायचं आहे.

ता. क. ३. गुरुवार, १८ जानेवारी. पत्र टाकायला निघालो होतो, फाटकापाशी विभाजी समोरून आल्या, हातात मेथीची जुडी. पळून जायला जागा नव्हती. तीस वर्षांत मी त्यांच्याशी त्यांच्या तोंडावर मराठीत एक वाक्य बोललो नव्हतो, ते आज बोललो. म्हणालो, विभाताई, माझं फार चुकलं. घशातून आवाज नको इतका मोठा आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर बाकाच्या डोक्यावर पाहिलं, आणि अगदी तुझ्या मिरजेच्या हेलात म्हणाल्या, 'हळू बोला, माइक आहे.'