भाऊजींच्या डब्याचं भोक

मूल, जि. चंद्रपूर
१९ ऑक्टोबर १९८७

आदरणीय श्रीहरी भाऊजी आणि माझी थोरली बहीण कमलाताई यांस,
वामनचा आणि घरातल्या सगळ्यांचा मनापासून जयभीम.

इकडे आम्ही खुशाल आहोत. भाऊजी, तुमचा डावा खांदा कसा आहे? कमलाताईचा खोकला गेला का? (नसेल गेला तर तिला सांगा, भद्रावतीच्या कोळशाच्या धुळीला नावं ठेवून खोकला जात नाही, अडुळसा घ्यावा लागतो.) मुलांचे पेपर चांगले गेले असतील. माझी तब्येत उत्तम आहे आणि सत्यशीलेची माझ्याहून उत्तम आहे, कारण ती नवऱ्यासारखी दिवसभर पिकपखाली पालथी-उताणी होत नाही. पिकपची तब्येत तर इतकी सुधारली आहे की तेच सांगायला हे पत्र लिहायला बसलो. पण त्याआधी एक कबुली. ऑगस्टात मी तुम्हाला जे पत्र लिहिलं, ज्यात ‘एवढी वर्षं फॅक्टरीत फिटर असून डबा फुटका पाठवलात’ असं एक वाक्य होतं, ते वाक्य मी परत घेतो. त्याच्या पुढचं वाक्यही घेतो. मागचंही घेतो. त्या पत्रातला फक्त जयभीम तेवढा राहू द्या.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण कमलाताईला तुम्ही अर्धंच सांगितलं असेल म्हणून मुळापासून लिहितो. गेल्या वर्षी सोळा ऑक्टोबरला आपण आमच्या पिकपनं चंद्रपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो. जावई म्हणून तुम्ही पुढं माझ्याशेजारी. मागं फळ्यांवर सतरंजी टाकून आई, सत्यशीला आणि वॉर्डातल्या नऊ बाया, सगळ्या पांढऱ्याशुभ्र लुगड्यांत. इंजिनाच्या रिंगा झिजलेल्या, त्यामुळे ते बॅक मारत होतं. म्हणजे ताई, पोटातला धूर आणि तेलाची वाफ ते एका नळीतून बाहेर फेकत होतं, आणि ती नळी आधीच्या मालकानं बरोबर मागच्या फळ्यांच्या फटीखाली सोडून दिलेली. (तो लाकडाचा ठेकेदार. त्याच्या मागं सागवान बसायचं, आणि सागवानाला डागाची पर्वा नसते.) आपण दोघं पुढं रिंगांवर मोठमोठ्यानं चर्चा करत होतो आणि मागं रिंगा आपलं काम करत होत्या. चंद्रपूरला उतरलो तर अकरा जणींच्या पाठीवर काळे शिंतोडे. बाकीच्यांनी मला तोंडावर शिव्या दिल्या, ते बरं झालं, मोकळं वाटलं. आईनं पदर फिरवून डाग झाकला, वंदना केली आणि परत येताना सरळ एसटीत जाऊन बसली.

छप्पन साली दीक्षेला आई मला कडेवर घेऊन मूलहून चंद्रपूरला चालत गेली होती. (ताई, तू तेव्हा आजीजवळ होतीस.) तेव्हापासून तिचा एक सोळा ऑक्टोबर चुकलेला नाही. मी गाडी घेतली तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट हीच होती, की आता आई पायी जाणार नाही, एसटीत लोंबकळणार नाही. आणि झालं काय, तर त्या दिवसानंतर वर्षभर ती माझ्या गाडीत चढलीच नाही. बाजाराला पायी, दवाखान्यात पायी. मी तिच्याजवळ गाडी हळू करून म्हणायचो, “माय, मागं चढ, जागा हाये.” ती हातानंच ‘जा’ म्हणायची. सगळा वॉर्ड बघायचा, पोरगा चार चाकांवर आणि म्हातारी धुळीत. खरं सांगतो भाऊजी, मला जेवण जात नव्हतं. या सोळा तारखेला ती बसली नाही तर पुन्हा कधीच बसणार नाही, एवढं मला समजत होतं.

मेकॅनिक म्हणाला, इंजिन उतरवा, बोअर करा, दोन महिने गाडी विसरा. तुम्ही म्हणालात, इंजिनाला हात लावू नकोस, फक्त वाफ पकडू. आणि रविवारचे रविवार घरी बसून तुम्ही तो डबा केलात. दूध पावडरचा डबा, वर नळी आत शिरायला तोंड, आत तारेची घासणी कोंबलेली (ती कमलाताईची होती हे मला नंतर कळलं), म्हणजे वाफेतलं तेल घासणीला धरावं आणि खाली ठिबकावं, तळाला तेल काढायला पितळी तोटी. बांधायला दोन पट्ट्या, पट्ट्यांना रबर. एसटीच्या कंडक्टरच्या हाती तो कागदात गुंडाळून आला तेव्हा मी आधी तो घरात सगळ्यांना दाखवला. मग तो उजेडात धरून पाहिला. झाकणाच्या खाली, चांगलं करंगळीचं टोक जाईल एवढं भोक.

आता तुम्ही विचार करा. जावयानं एवढ्या मायेनं डबा केला, एसटीत कोणाच्या तरी पेटीचा कोपरा लागला आणि डबा फुटला, असं कोणालाही वाटेल. (भोक अगदी गोल होतं, कडा कानशीनं घासलेल्या होत्या, हे मला दिसलं होतं. पण पेटीचा कोपरासुद्धा कधी कधी गोल असू शकतो असं मी स्वतःला समजावलं.) तुमच्या चिठ्ठीत नळी कशी जोडायची, डबा उभा कसा बांधायचा, तोटी कधी उघडायची, सगळं होतं. भोकाबद्दल अक्षर नाही. मी डबा घेऊन बाजारचौकात लच्छूकडे गेलो. लच्छू म्हणजे मूलमधले सगळे फुटके डबे आणि कंदील ज्याच्या जिवावर जगतात तो. त्यानं भोकात बोट घालून मान हलवली. “फॅक्टरीवाल्यायचं असंच राह्यते भाऊ, डोस्कं मोठं, पन नजर नाई,” असं म्हणाला, आणि भोकावर कथलाचा असा झाळ दिला की तो डबा पाण्यानं भरून, झाकण आणि नळीचं तोंड दाबून, चौकात चार माणसांसमोर उलटा धरून दाखवला. एक थेंब गळला नाही. लोकांनी वाहवा केली. मीही केली.

डबा बसवला आणि राइस मिलमधून कोंडा भरून निघालो. तीन मैल झाले नसतील, बॉनेटखाली फाट् असा आवाज. उघडून पाहतो तर तेल मोजायची काडी आपल्या जागेवरून उडून बॅटरीवर जाऊन पडलेली, आणि काडीच्या भोकातून तेलाची कारंजी. त्यात गाडीतला कोंडा वाऱ्यानं उडून इंजिनावर बसला, तर सगळं इंजिन अनारशाला खसखस लावावी तसं दिसायला लागलं. मी काय करावं? मी ती काडी सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधली. मग तेल भरायचं झाकण उडालं. तेही तारेनं आवळलं. मग वरच्या पॅकिंगातून तेल झिरपायला लागलं, तिथं लाखेचा लेप दिला. मी जिथं जिथं दाबावं, तिथलं सोडून ते दुसरीकडून निघावं. शेवटी मागच्या सीलातून क्लचवर तेल गेलं आणि अजयपूरच्या अलीकडे जंगलात चढावर गाडी नुसती ओरडायला लागली, पुढं सरकेना. गुराख्यांनी ढकलली. एकानं विचारलं, “भाऊ, कोंड्याले आग लागली का?” मी म्हणालो नाही, मला लागली आहे. त्याच संध्याकाळी तुम्हाला ते पत्र लिहिलं.

तुमचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. पत्ता माझा, खाली तुमची सही आणि मधे एकच ओळ: ‘वामन, भोक बुजवलं का?’

भाऊजी, मी बरीच पत्रं वाचली आहेत, पण एवढ्या थोड्या अक्षरांत माणसाला एवढं लाजवणारं पत्र मी पाहिलं नाही. रागाचा शब्द नाही, मी लिहिलेल्याचा उल्लेख नाही. कार्ड हातात घेऊन मी पिकपच्या पायरीवर बसलो आणि मला एकदम सगळं उमगलं. तेल डब्यात राहायचं, पण हवेला तर कुठून तरी बाहेर पडायचं होतं! मी गाडीचं नाक दाबून धरलं होतं आणि वर तिला पळायला सांगत होतो. लच्छूकडे गेलो तर तो ते भोक उघडायला तयार होईना. आपल्या हातानं केलेलं काम आपण तोडत नाही, म्हणाला, आणि माझ्याकडे पाठ करून बसला. मग मीच खिळा आणि दगड घेऊन ते पाडलं. तुमच्यासारखं गोल नाही झालं. पण दुसऱ्या दिवसापासून काडी जागेवर, झाकण जागेवर, क्लच धुऊन घेतला तोही जागेवर, आणि पंधरा दिवसांनी तोटी उघडली तर पेलाभर काळं तेल निघालं. तो पेला मी आईसमोर नेऊन धरला. हे सगळं तुझ्या लुगड्यावर गेलं असतं, म्हणालो. ती म्हणाली, “पाहू.”

सोळा तारीख उजाडली. तुम्हाला ड्यूटी असल्यामुळे येता आलं नाही, फार चुकल्यासारखं वाटलं. मागं सत्यशीला आणि त्याच नऊ बाया, पुन्हा पांढरी लुगडी (त्यांच्या हिमतीला माझा सलाम). आई बाहेर आली, मागं पाहिलंसुद्धा नाही, पुढं येऊन दार उघडलं आणि बसली. मला फार लागलं. एवढं केलं आणि तिचा डब्यावर विश्वासच नाही! मी म्हणालो, “माय, आता मागं बसशीन तरी डाग पडत नाई.” ती म्हणाली, “मी इथीच बसतो. चालव.”

मी चालवली. आणि भाऊजी, त्या वाटेवर आई बोलायला लागली. एका मोहाच्या झाडाशी म्हणाली, इथी तू रडला होता. एका नाल्यावर म्हणाली, इथी आम्ही शिदोरी सोडली, तुले दूध कोनी देल्लं ते मले अजून मालूम नाई. पुढं पाहावं तिकडे वाट पांढरी होती, म्हणाली, आन सगळे चालून राह्यले होते. तेहेतीस वर्षांचा झालो, ही वाट हजारदा तुडवली, यातलं एक अक्षर मी कधी ऐकलं नव्हतं. चंद्रपूरला उतरल्यावर सत्यशीलेनं नऊही बायांना उन्हात उभं करून, फिरवून फिरवून पाहिलं. एकीच्याही पाठीवर ठिपका नाही. मला भर गर्दीत रडू आलं, ते मी डोळ्यात धूळ गेली म्हणून निभावलं. हे सगळं तुमच्या डब्यानं झालं. तुम्ही सख्ख्या भावासारखे माझ्यामागं उभे राहिलात, माझं वेडंवाकडं पत्र गिळलंत, आणि माझी आई मला परत मिळवून दिलीत. याहून नीट कसं लिहायचं ते मला येत नाही.

सगळ्यांना जयभीम, मुलांना पापे.

तुमचाच,
वामन

ता. क. : ऑगस्टचं पत्र चुलीत घाला. कमलाताईनं आधीच वाचलं असेल तर तिलाही समजवा.

ता. क. दोन : कमलाताईसाठी तारेच्या दोन नव्या घासण्या पाठवत आहे. राइस मिलवरचे तीन गाडीवाले असाच डबा मागतात. केलात तर भोकाशेजारी रंगानं लिहा, ‘हे असू द्यावं’. लच्छूला वाचता येतं.

ता. क. तीन : पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र आईला वाचून दाखवलं. पोस्टकार्डाच्या जागी ती इतकी हसली की पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, “डबा चांगला हाये. पन मी काई डागापायी रुसली नव्हती. डाग त सोड्यानं दुसऱ्याच दिवशी निघाला. तुले पुरी वाट कडेवर घेऊन गेली मी, अन् तुही गाडी आली त मले मागं फळीवर. जावयाले पुढं बसवलं ते ठीक, मान द्याच लागते. पन मंग सालभर सीट रिकामी राह्यली तरी तू ‘मागं चढ’च म्हने. अवंदा सत्यशीलानं सांगतलं, जावई येत नाईत, पुढं कोनी नाई, म्हून आली. हे लिहू नको त्याहीले.” म्हणून मी काहीच लिहीत नाही.

एवढंच सांगतो, पुढच्या सोळा ऑक्टोबरला रजा काढून नक्की या, ताईला घेऊन या. पुढची सीट आता आईची आहे, तुम्ही जावई असलात तरी मागं फळीवर बसावं लागेल. पांढरा सदरा घालूनच या. डबा तुमच्याच हातचा आहे.