रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू

उंटरश्लाइसहाइम
१९ जानेवारी २००८, शनिवार

आधी टपकली ती सुनेची मैत्रीण सरिता. चारचं बोलावणं आणि ही साडेतीनला दारात, वर म्हणते जर्मनीत राहून वेळ पाळायची सवय लागली. मला येऊन आठवडा नाही झाला, तरी सुनेने, देवश्रीने, हौसेने हळदीकुंकू ठेवलं. दहाजणी जमल्या. नात अवनी तिळगूळ वाटताना प्रत्येकीला म्हणे, आल्झो, म्हणजे जर्मनमधलं ‘तर मग’, गोड बोला. हसून पोट दुखलं. मी चौथी शिकलेली, पण ही वही तिनेच दिली, रोज लिही म्हणाली.

शेवटी अकरावी एक आली. हिरवं लुगडं, बर्फात अनवाणी. चेहरा ओळखीचा वाटला. देवश्री चहात गुंतलेली, मीच कुंकू लावलं. कपाळ गार. निघताना रीत म्हणून बोलले, पुन्हा या, आणखी कुणाला घेऊन या. येते म्हणाली.

२२ जानेवारी

मुलाचं, श्रीरंगचं, काम आता कुठे कळलं. भूकंपाआधी म्हणे उंचावरची हवा बिघडते, ती उपग्रहाला दिसते. अजून नक्की नाही, शोध चाललाय. शनिवारी ती बाई आली त्याच सुमाराला नकाशावर डाग उठला, आपल्या कोयनेकडच्या डोंगरांवर. त्याचे साहेब म्हणाले, असे डाग सूर्यामुळेही पडतात, उगाच कुणाला घाबरवू नका. पण धाकटी बहीण वसुधा माझी तिथेच राहते. देवश्री म्हणते, अहो आई, दहाच तर होत्या. मग गालिच्यावर लाल माती कुणाची?

३० जानेवारी

दुपारी घरात एकटी. बेल वाजली. ती, आणि आणखी दोघी. आता ओळखलं. प्रभावहिनी. सदुसष्टच्या कोयनेच्या भूकंपात भिंतीखाली गेल्या, ह्याच लुगड्यात बाहेर काढल्या. दोघी आमच्याच आळीतल्या, त्याच दिवशी गेलेल्या. दारातल्या सवाष्णीला कुंकवावाचून परत पाठवू नये — नाही पाठवलं. श्रीरंग म्हणाला, दुपारी डाग पुन्हा. मोठा.

६ फेब्रुवारी

सातजणी. केसांतून माती गळते.
वसुधाला फोन केला, घर सोड म्हटलं. हसली. म्हणाली, आक्का, थंडीने डोकं फिरलं का तुझं, आभाळातून बघून कुणाला जमिनीतलं कळतं होय.

१२ फेब्रुवारी

आज नऊ. कुणी बसलं नाही. म्हटलं, आता येऊ नका. प्रभावहिनी म्हणाल्या, बोलावणं तूच दिलंस, आणखी कुणाला आणा म्हणालीस. शेवटचं हळदीकुंकू रथसप्तमीला, तेव्हा येतो — वसुधाला घेऊन.
श्रीरंगचा डाग नकाशात मावत नाही.
वसुधाला फोन लावलाय, नुसता वाजतोय, ती उचलत नाही —
उद्याच रथसप्त