मागच्या वायपरचा थांबा

गुरुवार, संध्याकाळ

टक्. शाळेत गुरुजींची पट्टी टेबलावर वाजायची आणि कविता म्हणणारा अख्खा वर्ग ओळीच्या शेवटी थांबायचा. आज दिवसभर तोच आवाज कानात.

माझ्या गाडीच्या मागच्या वायपरला थांबणं माहीतच नव्हतं. जराशी भुरभुर असली तरी जवळजवळ कोरड्या काचेवर त्याची खरखर चालूच. परवा मुलगा, सुधीर, फोनवर म्हणाला, "बाबा, त्या खटाऱ्याचं अन् तुमचं वय झालं. रविवारी गिऱ्हाईक पाठवतो." छावणीतला गाडीचा मिस्त्री तर हसलाच. "चाचा, पीछे देखके करना क्या है?"

या वयात मागं बघण्याशिवाय दुसरी चैन ती कुठली?

शहागंजातून टायमरचा रिले आणला, दर फेऱ्यानंतर वायपरला थोडं थांबवणारा. डिकीच्या दाराचं आवरण उघडून वायपरच्या वायरीत जोडला. एक फ्यूज उडवला, खोटं कशाला लिहू? दुसरा टिकला. मग रिलेचा स्क्रू फिरवत बसलो. किती सेकंद थांबावं? सेकंद कोण मोजतो! मनात कवितेची एक ओळ म्हणून होईल, एवढा थांबा ठेवला. एक फेरा, मग एक ओळ. जमलं का? जमलं!

सुधीरला काय सांगावं ते लिहिणार, तोच बेल वाजली. दारात रेनकोट घातलेला अनोळखी माणूस.

"सुधीरभाऊंनी पाठवलंय. रविवारी जमणार नाय, म्हणून आजच आलो गाडी बघायला."

"बघा की," म्हटलं, "चहा पण घ्या. पण गाडी विकायची नाय."